सात नंबरची खिंड

टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं म्हणजे ती जागा अडवली, हे सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या उंच तरुणाला कुठलं कळायला! तो क्षिप्राच्या टेबलाशी ऐसपैस बसला होता आणि तिच्याच टिश्यूने खुशाल नाक पुसत होता.

हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत नूडल्सचा ट्रे हातात धरून क्षिप्रा बघतच राहिली. "अगं बाई... काय माणूस आहे!"

"मराठी?" त्याने चमकून वर पाहिलं. "बसा ना. जागा आहे इथे."

"जागा माझीच आहे! ते टिश्यू मी ठेवले होते."

"अरे देवा! मला वाटलं, हॉकर सेंटरवाल्यांनीच ठेवलेत. काय सोय आहे, असं म्हणालोसुद्धा मनात." तो कानापर्यंत लाल झाला. "मी रुचिर. मुंबईहून येऊन चारच दिवस झालेत."

"दिसतंच आहे," ती म्हणाली आणि हसू दाबत समोर बसली.

बोलता बोलता कळलं ते असं. क्षिप्रा मूळची पुण्याची, आता इथल्या विद्यापीठात संशोधन करायची. उपग्रहाच्या फोटोंवरून दक्षिण ध्रुवाजवळच्या एका डोंगररांगेचे नकाशे काढायचे, हे तिचं काम. आणि हा रुचिर नेमका तिथेच जाणाऱ्या मोहिमेतला इंजिनिअर! नोव्हेंबरात त्या रांगेतली एक बर्फाने झाकलेली खिंड ओलांडून त्याला पलीकडे हवामानाची यंत्रं बसवायची होती. खिंडीला नाव नव्हतं. नकाशावर नुसता सात आकडा होता.

"म्हणजे मी ज्या नकाशाच्या भरवशावर चालणार, तो तुम्ही काढताय?"

"हो. आणि मी आजवर बर्फ पाहिलाय तो फक्त उसाच्या रसातला."

"मग माझं काही खरं नाही!"

त्यानंतर तो रोज दुपारी तिच्या खोलीत डोकवायला लागला. एसीने गारठलेली ती खोली, बाहेर चारच्या ठोक्याला कोसळणारा पाऊस, आणि हातात दोन कॉफ्या घेऊन दारात उभा रुचिर... खिंडीचा चढ बघायला तो स्क्रीनवर वाकायचा, आणि क्षिप्रा मोजत असलेला आकडा विसरून जायची. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मात्र नोव्हेंबरचा विषय निघाला की दोघंही घाईने दुसरंच काही बोलायला लागायची.

ऑक्टोबरच्या शेवटी आलेल्या फोटोत खिंडीवर आडवी काळी रेघ दिसली. क्षिप्राने तिथे लिहिलं, 'बर्फात भेग'. झालं! मोहिमेचे प्रमुख मनोहरसर म्हणाले, "असल्या जागी मी माणसं पाठवणार नाही. सोमवारी मोहीम रद्द केल्याचं पत्र काढतो." म्हणजे पुढच्या नोव्हेंबरची वाट बघत रुचिर आता वर्षभर सिंगापुरातच राहणार! क्षिप्राने चेहरा पाडला खरा, पण आतून तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी नवा फोटो आला. वेगळ्या वेळी घेतलेला. काळी रेघ बोटभर सरकलेली होती.

क्षिप्राने फोटो मोठा करून पाहिला. भेग काही अशी दिवसात सरकत नाही. सरकते ती सावली! शेजारच्या सुळक्याची सावली होती ती, आणि फोटो कुठल्या वेळचा हे बघायचं, हा पहिल्या दिवशी शिकलेला धडाच ती विसरली होती. तिने जुने तीन फोटो काढून ताडून पाहिले. खिंड धडधाकट होती. सोमवारपर्यंत तो फोटो दुसरं कोणी उघडणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, की रुचिर इथेच...

दहा मिनिटांनी तिने मनोहरसरांना मेल केला आणि रुचिरला इमारतीखालच्या बाकावर बोलावलं.

"ती भेग नाहीये. सावली आहे. चूक माझी होती," ती एका दमात म्हणाली. "सरांना कळवलंय. तू जाऊ शकतोस."

रुचिर उडी मारेल असं तिला वाटलं होतं. तो हळूच बाकावर बसला.

"अरे, आनंद नाही झाला तुला?"

"झाला ना... पण खरं सांगू? तीन वर्षं राबलो त्यावर पाणी पडत होतं, आणि मी आपला घरी शीळ घालत फिरत होतो! असा कसा रे तू, म्हटलं स्वतःलाच."

"मीही," क्षिप्रा हळूच म्हणाली. "फोटो बघून दहा मिनिटं नुसती बसून होते. वाटलं, सांगूच नये कोणाला."

"मग सांगितलंस का?"

"तू इथे राहावंस असं मला फार वाटतं, रुचिर. पण माझ्या चुकीमुळे नको."

पाऊस थांबला होता, वळचणीचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

"चार महिन्यांचाच प्रश्न आहे," तो म्हणाला. "जाण्याआधी... पुण्याला फोन करून तुझ्या आईंशी बोलू का?"

"काय बोलणार?"

"हेच की... म्हणजे आपलं दोघांचं—"

"आईशी नंतर. आधी माझ्याशी तर बोल!"

रुचिरने घसा खाकरला. मग त्याने तिचा हात हातात घेतला.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, क्षिप्रा. परत आलो की लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," ती म्हणाली. डोळे भरले होते, तरी ती हसत होती. "पण तिकडे जपून पाऊल टाक रे... आता तू एकट्याचा नाहीस."