पंखे दिसतात तोवर

सकाळी चहाचा कप घेऊन मृणालिनी टिळेकर विश्रामगृहाच्या ओट्यावर आल्या आणि समोरचं वाळवंट रिकामं बघून त्यांना हसू आलं. काल संध्याकाळपर्यंत तिथे साठेक पवनचक्क्या उभ्या होत्या. आजही होत्याच; पात्यांची घरघर नीट ऐकू येत होती. दिसत मात्र एकही नव्हती. वाळूच्या टेकड्या, खेजडीची थोडी झाडं आणि वर आभाळ.

नभलेप लागू पडला होता. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उमेदीची वर्षं या लेपापायी घालवली होती. त्यातले सूक्ष्म कण पाठीमागच्या आभाळाचा उजेड टिपत आणि पुढच्या बाजूने तसाच्या तसा फेकत, त्यामुळे बघणाऱ्याला खांब जाणवतच नसे. पक्ष्यांना दिसणारा आणि माणसांना न दिसणारा अतिनील पट्टा तेवढा पात्यांवर राखला होता.

दुपारनंतर दृश्यसंरक्षण समिती येणार होती. चक्क्यांनी वाळवंटाचं रूप विद्रूप केलं आहे, त्या दिसेनाशा करा, नाहीतर उतरवा, असं तिचे अध्यक्ष माथुर यांनी बजावलं होतं. गावातलं खारं पाणी गोडं करणारं यंत्र याच चक्क्यांवर चालत होतं.

"बाईसा, आमचे पंखे कुठे नेले?"

दारात सुगनी उभी होती. विश्रामगृहातला स्वयंपाक तीच करी. आज मुलीच्या, झमकूच्या, लग्नासाठी तिची रजा होती. हात मेंदीचे आणि अंगावर लालकेशरी ओढणी. मृणालिनीबाईंनी तिला लेपाची करामत समजावली. पंखे आहेत, फक्त दिसत नाहीत.

"म्हणजे माझ्या नवऱ्यासारखे," सुगनी म्हणाली. पण ती हसली नाही.

मग तिने उंबऱ्यावर बसून सांगितलं. पंखे उभे राहिले तेव्हापासून गावात एक रीत पडली होती. सासरी निघालेली मुलगी जीपमधून मागे बघत राहते. पंखे दिसतात तोवर माहेर, तोवर तिनं रडायचं नाही. शेवटचं पातं वाळूआड बुडालं की जीप थांबते, ती पोटभर रडून घेते, पाणी पिते, आणि पाठराखा भाऊ तिथून माघारी फिरतो. झमकूची थोरली बहीण अशीच गेली होती.

"आज झमकूला तुम्ही दारातच रडवणार," सुगनी म्हणाली आणि उठली.

मृणालिनीबाईंचा चहा तसाच निवला. या चक्क्यांवर कुणाची माया असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. शहरातल्या लोकांनी चक्क्यांना वाळवंटात रुतलेले काटे म्हटलं आणि त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं. गावाला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही.

"सुगनी, थांब. तुझी ओढणी जरा उजेडात धर."

त्यांनी वर्णमापक आणून ओढणीवर टेकवला. उजेड हवा तसा फेकणारा लेप कोणताही रंग दाखवू शकतो, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. लपवण्याच्या नादात ते मागेच पडलं होतं.

उन्हं कलताना माथुर आले. काळा चष्मा सावरत त्यांनी आभाळ न्याहाळलं. "उत्तम. काहीच दिसत नाही. आमची मंजुरी समजा."

तेवढ्यात ढोल वाजला आणि गावातून वऱ्हाडाची जीप निघाली. मागच्या बाकावर भाऊ लूणारामला बिलगून झमकू बसली होती. तिने वळून पाहिलं, तर तिथे नुसतं आभाळ. तिचा ओठ थरथरला.

मंजुरी पदरात पडली होती. आता गप्प राहायचं, बस्स. मृणालिनीबाईंनी हातातल्या, लेपाच्या नियंत्रकाची कळ दाबली.

क्षितिजापाशी एक पातं लालकेशरी झालं, मग त्याच्या शेजारचं. बघता बघता टेकड्यांमागून रंगाची ओळ उठली आणि वाऱ्यावर गरगरू लागली. फिकट वाळूत जणू सारा गाव ओढण्या उडवत निरोपाला उभा होता. ढोलवाल्याचा हात थबकला. जीपमध्ये झमकू उभी राहिली आणि दोन्ही हात हलवत हसू लागली.

माथुरांनी चष्मा काढला.

"मी दिसायला नको म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो साहेब. पण आधी या लोकांना विचारायला हवं होतं. आता उतरवायच्या का?"

माथुरांनी वऱ्हाडाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. पण त्यांनी कुणालाच फोन लावला नाही. ते फोटो काढत होते. "राहू द्या," ते म्हणाले. "अशाच राहू द्या."

अंधारून आलं तशी दिवसभर टिपलेल्या उजेडावर पाती निखाऱ्यांसारखी उजळली. ओट्यावर सगळ्यांना लापशी वाढणाऱ्या सुगनीचा फोन वाजला. तिने ऐकलं, डोक्यावर ओढणी ओढली आणि मृणालिनीबाईंकडे वळली.

"लूणारामचा आहे. माघारी फिरायची जागा केव्हाच मागे पडली, सासरची वेस आली, तरी पंखे दिसताहेतच. बाईसा, आता पोरीनं रडायचं कुठं?"