वेशीवर अडलेली फटफटी

मनचं काही सांगत नाही. आमचे राजारामकाका हे देवाशपथ सांगायचे, आणि थापा मारणारा माणूस नव्हे तो.

साल चौऱ्याऐंशी. आश्विनातली तिन्हीसांज. सावर्ड्याच्या आतल्या अंगाचं आमचं गाव.

राहीकाकी सकाळपासून अडलेली. आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती. काकांनी मुंबईहून आणलेली जुनी फटफटी काढली आणि शेजारच्या गावी सोनूबाई सुईणीला आणायला सुटले.

सुईणीच्या घरात दिवा नव्हता. हाक मारली...

पडवीतून पदर पुढे ओढलेली एक बाई आली. मुकाट मागे बसली.

परतताना ऐन वेशीवर गाडी बंद.

आमच्याकडे परगावची सुईण वेशीवर उतरते, गावाच्या राखणदार देवाच्या दगडापुढे विड्याचं पान ठेवते, मगच गावात शिरते.

"सोनूबाय, तोवर पान ठेवून घे गो."

"मी उतरायची नाय."

काकांचं लक्ष होतं कुठं! टाकीतलं पेट्रोल ओंजळीत धरून पाहिलं. स्वच्छ. मग कार्बोरेटरखालची वाटी खोलली...

वाटीत पाणी.

पुसली. जेट तोंडानं फुंकला. चोक ओढून किक मारली. इंजिन फुरफुरलं, मेलं. पुन्हा वाटी खोलली...

पुन्हा पाणी. काठोकाठ.

"मेल्या, चालू हो रे! बायको मरतेय माझी!" काका गाडीवर ओरडले. चक्क रडले.

मागून शांत आवाज आला. "ढकल की."

आणि काकांनी ढकलली. तिला तशीच बसवून, दगडाच्या पलीकडे.

गाडी पहिल्या किकला सुरू!

अंगणात पोचले तर आत तान्हं रडत होतं. आणि दारात सोनूबाई उभी!

"अरे, मला निरोप पोचला होता. तू रस्त्यानं गेलास नि मी पायवाटेनं आले. मुलगी झाली रे, दोघी बऱ्या आहेत."

काकांनी मागे पाहिलं. सीट रिकामी... आणि पाण्यानं निथळत होती.

तेवढ्यात आतून काकीची हाक आली.

"सोनूबाय, ही ओल्या लुगड्यातली कोण गो माझ्या उशाशी?"

बाळाचं रडणं थांबलं.

पोर जगली. जनी तिचं नाव. पण ती पुन्हा रडली नाही, कधीच. नुसती आईच्या उशामागे बघत राहायची.

मग रोज सांजेला काका फटफटी काढायचे. मागच्या रिकाम्या सीटला हात जोडायचे. "बाय, बस गो. तुला पोचवतो." वेशीपर्यंत जायचे. वाटभर एकच धावा... राखणदारा, गाडी बंद पाड रे! बंद पडली तरच कळणार ना, ती मागे बसलीय म्हणून.

मरेपर्यंत गेले बिचारे. गाडी एकदाही बंद पडली नाही.

काकांचं घर नि फटफटी आता माझ्याकडे आहे. परवा सांजेला मीही काढली, सीटला हात जोडले आणि वेशीकडे निघालो.

दगड मागे गेला. इंजिन साधं अडखळलंसुद्धा नाही.

घरी यायला पाय उचलेना माझा.