बर्टनशॉच्या गिरणीतला निरोप

तुम्ही त्या गिरणीत राहायला आलात म्हणून सांगतो, नाहीतर मी हे कुणाला सांगत नाही. या गावात मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. भुताखेतांवर विश्वास ठेवायचं शिक्षण मला मिळालेलं नाही, आणि हे खरं मानावं की नाही याची मला आजही खात्री नाही. एडमंड बर्टनशॉ माझा पेशंट. त्यानं मला कागदावर लिहून दिलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

दोन हजार सतरा साल, सोळा नोव्हेंबर, गुरुवार. इथं त्या दिवसांत चारलाच अंधारतं. सहाच्या सुमारास लॉर्ड बर्टनशॉ मोटार घेऊन गिरणीकडे निघाला. काम साधं होतं. गिरणीचे फ्लॅट झाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन आणि भाषण त्याचं. माईक चालतोय का, आजोबांच्या नावाच्या पाटीवरचा पडदा सरळ आहे का, एवढं बघून परतायचं.

त्या पाटीखेरीज त्याच्याकडे उरलं होतं काय? आजोबांनी टॉवेल विणून विणून लॉर्डपद मिळवलं. बापानं ते मिरवलं, आणि गिरणी बंद करून माग भंगारात घातले. हा वारशानं पार्लमेंटात बसायचा, तेही नव्याण्णव साली कायद्यानं गेलं. राहिलं ते नाव, आणि त्या नावाला एक डाग. एकोणीसशे अकरा साली माग होते त्या खात्यात आग लागून चार बायका मेल्या. गाव म्हणायचं, बायकांनी वेळेआधी बाहेर पडू नये म्हणून मालक, म्हणजे हेच आजोबा, दाराला बाहेरून कडी घालायला लावायचा. घराणं म्हणायचं, कडी नव्हतीच, बायका धुरात वाट चुकल्या. उद्याच्या भाषणात एडमंड हेच ठणकावून सांगणार होता. गावाच्या तोंडावर, एकदाचं.

फाटकाशी राखणीला थेल्मा पिलिंग बसली होती. साठीची बाई, जिभेला हाड नाही.

"या, सरकार," ती न उठताच म्हणाली. "दार उघडंच आहे. आता आम्ही उघडंच ठेवतो."

"शंभर वर्षं झाली त्याला, थेल्माबाई."

"एकशे सहा. माझी पणजी होती आत."

"आमच्या घराण्यानं त्या बायकांच्या पोरांना वाऱ्यावर सोडलं नाही."

"नाही ना. दर नाताळला घरटी एक टॉवेल. आमच्याकडे आहे अजून. कुत्रं पुसायला."

तो आत जायला निघाला, तशी ती मागून म्हणाली, "उद्या पुढच्या रांगेत आमच्या म्हाताऱ्या बसणार आहेत. मागावर जन्म गेला, ठार बहिऱ्या झाल्यात. पण ओठ वाचतात हं. सांभाळून बोला."

"ओठ मलाही वाचता येतात."

ते खोटं नव्हतं. लहानपणी त्याला सांभाळणारी बाई आधी मागावरच होती. मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नसे, म्हणून विणकरणी तोंड भरपूर हलवून बिनआवाजी बोलायच्या. तिनं त्याला ते शिकवलं, रीतीभातीसकट. समोरचीचं बोलणं कळलं, की ते तसंच ओठांनी परत म्हणून दाखवायचं. आणि एकदा परत म्हटलं, की तो निरोप तुझा. पुढच्या मागावरच्या बाईला पोचवेपर्यंत सुटका नाही. लंडनच्या मेजवान्यांत तो ही बोली करून दाखवून लोकांना हसवायचा.

"तुमच्या तोंडी शोभत नाही ते," थेल्मा म्हणाली आणि चहाकडे वळली.

तुमच्या लिफ्टसमोरचं काचेचं दार आहे ना, तिथंच माईक लावला होता. दारापलीकडे तेव्हा नुसता रिकामा, अंधारा हॉल. एडमंडनं माईक तपासला, पडदा सरळ केला. निघताना त्याचं लक्ष काचेकडे गेलं.

पलीकडे एक बाई उभी होती. अंगावर एप्रन, केस घट्ट बांधलेले. तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

थेल्मानं त्याची थट्टा करायला कुणालातरी उभं केलं असणार, असं त्याला वाटलं. तो चिडला.

"उद्या या," तो मोठ्यानं म्हणाला.

तिचं तोंड हलतच राहिलं. तेच शब्द. पुन्हा तेच. त्यानं वाचले.

कडी... बाहेरून... होती. आणि शेवटी तिचं स्वतःचं नाव.

तो पाठ फिरवून गेला असता तर बरं झालं असतं. पण बर्टनशॉचा चढेलपणा. मला येतं, हे तिला दाखवायचं होतं. त्यानं तेच शब्द ओठांनी परत म्हटले. सगळे. नीट.

ती थांबली. तिनं मान हलवली... काम झाल्यासारखी.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. काच गार होती. त्याच्या श्वासाची वाफ अलीकडून काचेवर धरत होती. पलीकडून मात्र...

काच कोरडी होती.

तिच्या मागे दुसरी उभी होती. तिनं स्वतःचं नाव सांगितलं. त्यानं परत म्हटलं. म्हणायचं नव्हतं. तरी म्हटलं. मग तिसरी. मग चौथी.

मग काचेत कुणी नव्हतं. त्याचाच चेहरा. त्यानं दात आवळले.

काचेतलं तोंड हलतच होतं.

तो धावत फाटकाशी आला.

"झालं का, सरकार?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज... नाही. थेल्मानं कप खाली ठेवला. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मला नाही येत ते वाचायला," ती हळूच म्हणाली. "उद्या म्हाताऱ्यांना सांगा."

गारठ्यानं घसा बसला, सकाळी सुटेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. नाव राखायचं होतं. सकाळी तो उद्घाटनाला गेला. हातात भाषण धरून उभा राहिला, तोंड उघडलं. ओठ हलले, माईक मुका.

पुढच्या रांगेतल्या पहिल्या म्हातारीचे ओठ हलू लागले. मग तिच्या शेजारणीचे. मग पुढचीचे. रांगभर. कुणाचाही आवाज नाही.

"काय म्हणतोय गं तो?" मागून कुणीतरी विचारलं.

टोकाची म्हातारी बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं बोलली. "कडी बाहेरून होती म्हणतोय. आणि नावं घेतोय. चौघींची."

पाटीवरचा पडदा काही निघाला नाही. पुढं पाटीच काढली. तुमच्या भिंतीत चार भोकं आहेत, ती तिची.

दुपारी त्याला माझ्याकडे आणलं. ओठ आता शांत होते, आवाज मात्र नव्हता. मी घशात बॅटरी मारली. पांढरं काहीतरी दिसलं. चिमट्यात धरून ओढलं. सूत. ओढत गेलो... येतच राहिलं. पस्तीस वर्षं झाली, या गावात एक माग नाही.

शेवटी टोक आलं. काळं, जळकं. मी ते बोटात धरलं...

चटका बसला.