चौथा ठिपका

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. मे १९९६, नगर शहर. आणि तेही भर दुपारी.

माझी मावसबहीण वृषालीताई तेव्हा एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट असतात ना, त्यांच्यावर माणसात कोणत्या साखरा असतात आणि गायीत कोणत्या, हा तिचा विषय. माणसाचं रक्त हक्काचं, नवऱ्याचं.

"लोकांच्या बायका नुसतं डोकं खातात, माझी सुई लावून रक्त काढते," पंकजदाजी चिडवायचे.

गायीचं रक्त पाथर्डीकडच्या सासरच्या ढवळीचं.

काचेच्या पट्टीवर साखरांचे ठिपके उमटत. माणसाचे तीन, गायीचे चार. ती चौथी साखर माणसाचं शरीर बनवूच शकत नाही.

मंगळवारी ढवळी दाव्यालाच मेली.

गुरुवारी दाजींच्या पट्टीवर ठिपके उमटले. एक... दोन... तीन...

आणि चौथा.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून ताई स्वतःशीच हसली. घरी जाऊन तिने नव्याने रक्त काढलं. या वेळी गायीची एकही नळी जवळ ठेवली नाही.

चौथा ठिपका आणखी गडद आला.

शनिवारी दाजींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. प्लेटलेट झरझर उतरत होत्या. दवाखान्यात दुसऱ्यांच्या चढवल्या, त्याही तासाभरात नाहीशा झाल्या. डॉक्टरांनी हात टेकले.

मग भर दुपारी मानेवर निळा वळ उठला... गळ्याभोवती, गोल.

ढवळीच्या गळ्याला दाव्याचा असायचा, तसाच. ताईने बाहेरच्या बूथवरून सासऱ्यांना, कारभारीतात्यांना फोन लावला.

"तात्या, ढवळीचं दावं कुठंय?"

तात्यांचा फोन गोठ्याला लागूनच्या ओसरीत होता.

"खुट्यालाच हाय. गोठा रिकामा हाय, सूनबाई. पर दावं... ताठ हाय. दोन दिस झालं. कुनीतरी वढून धरल्यावानी."

"कापा ते! आत्ताच्या आत्ता!"

"बग पोरी. मला ते कापनं बरं वाटत न्हाई."

"तात्या, तुमचा लेक मरतोय!"

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग कोयता... खट्... खट्...

मग काहीच नाही.

"तुटलं," तात्यांना धाप लागली होती. "कुनीतरी पळालं गं गोठ्यातनं. दिसलं न्हाई... पर मातीत पावलं उमटली हायेत."

"खुरांची?"

"न्हाई. मानसाची. अनवानी."

ताई जिवाच्या आकांताने वॉर्डकडे धावली.

दाजींचा गळा स्वच्छ झाला होता. वळाचा मागमूस नव्हता.

श्वासही नव्हता.

तात्या त्या पावलांमागे माळापर्यंत गेले. तिथे ती संपली.

ते दावं दाजींना ओढत होतं, की धरून ठेवत होतं? ताई अजून विचारते. मी दरवेळी सांगतो, ओढतच होतं गं.

मला तसं वाटत नाही. पण तिच्यासमोर ते बोलायची माझी हिंमत नाही.