निंबाच्या नावाची मूठ

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. मालतीमावशी अजून सुरतेत गोडादऱ्यातच राहते. तिला विचारा... ती सांगणार नाही, ते वेगळं.

धाकट्या मुलाचं, भटूचं दुखणं झाकण्यात मावशीचा फायदा एकच होता. सून. श्रावण संपला की हर्षदाशी साखरपुडा.

थोरला निंबा आदल्या वर्षी लूमवर सुताचा जड बीम चढवताना कोसळला होता. शवविच्छेदनानंतर डॉक्टर म्हणाले, "हृदयाला रक्त देणारी नळी जन्मापासूनच चुकीच्या जागी फुटलेली. जोर लागला की दबायची. असं फार क्वचित असतं, पण सख्ख्या भावातही निघू शकतं. धाकट्याला तपासून घ्या."

भटूही जिन्यात छाती धरून थांबायचा.

"गॅस शे," मावशी म्हणायची. "मोठ्या दवाखान्यात नेलं, तर पोरीवाल्यांना कळेल."

१९९६. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा आदला दिवस, भर दुपार. वीज नव्हती. खालचे लूम गप्प.

आमच्या खानदेशी घरांत कानबाईच्या रोटांसाठी प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. जिवंत पुरुषाच्या.

मावशी मुठी मोजत होती, "ह्यांची... निंबाची... भटूची..."

मी दचकलो. भटू हसला.

"माय, दादा आजून बी वाटा मांगस का? काढी टाक."

मावशीनं सव्वा मूठ परत काढली.

पण गहू मिसळले होते... काढलेली मूठ कुणाची?

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. कुणीतरी चढत होतं... दम खायला थांबत होतं... पुन्हा चढत होतं.

दाराशी आवाज थांबला.

मी दार उघडलं. कुणीच नाही.

मग चपला खाली उतरू लागल्या... आणि या वेळी त्या दोघांच्या होत्या.

भटू तर माझ्या मागेच बसला होता.

सोमवारी कानबाईला तापीवर निरोप द्यायला निघालो. ढोल तापले.

"पोरीकडचे बघताहेत रे. नाच ना," मावशीच म्हणाली.

भटू नाचला. मध्येच छाती धरून थांबला. अरुंद जिन्यात कुणाला वाट द्यावी, तसा बाजूला सरकला...

आणि पडला. उठलाच नाही.

त्या चपला कुणाच्या, मला आजही माहीत नाही. त्या घरी मी एकटा चढत नाही.

मावशी गावभर सांगत सुटली, "पोरीचा पायगुण!" हर्षदाचं पुढं कुठंच जमलं नाही.

मावशीनं मुलगा गमावला, हे खरं. पण भरपाई तिनं वसूल केली, ती भटूला एकदाच पाहिलेल्या त्या मुलीकडून.