पुठ्ठ्याची कमान

दुसऱ्यांदा बांधताना हात बसलेला असतो. छिन्नी लावायच्या आधीच वीट कुठे तुटेल ते कळतं. मसाला पुरेसा घट्ट झाला की नाही, ते घमेल्यात थापी फिरवतानाच्या आवाजावरून समजतं. पहिल्या वेळी आम्हाला यातलं काही म्हणता काही येत नव्हतं.

पहिली भट्टी ही माझ्या नवऱ्याची हौस. जेवताना पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून तो लोकांच्या परसातल्या विटांच्या पिझ्झा-भट्ट्या बघत बसायचा. एका रविवारी टेम्पोभर विटा दारात येऊन पडल्या. माझी नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहते, ती नेमकी तेव्हा आमच्याकडे होती. ताईंनी चहाचा कप हातात घेऊन परसात एक चक्कर मारली.

"लहानपणी पत्त्यांचा बंगला दुसऱ्या मजल्यावर गेला नाही तुझा," त्या भावाला म्हणाल्या, "आणि आता घुमट?"

"घुमट स्वतःच्या वजनावर उभा राहतो, ताई. त्याला कुणी धरावं लागत नाही."

"मग तुझ्यापेक्षा बराच म्हणायचा."

मी हसले, पण माझं लक्ष भिंगरीकडे होतं. ती विटांच्या ढिगावर चढत होती. आमची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. एका जागी म्हणून टिकायची नाही, त्यावरून हे नाव पडलं. मी काळजीखोर आहे हे मला ठाऊक आहे, आणि न विचारता सांगणारेही पुष्कळ आहेत. जिन्याच्या कठड्याला मी जाळी लावून घेतली होती. वॉशिंग मशीनला बाहेरून कडी बसवली होती. शिवाय आम्हा दोघींची एक खूण होती. ती नजरेआड झाली की मी "कूऽ" करायचे, आणि ती जिथे असेल तिथून "कूऽ" असं उत्तर द्यायची. उत्तर आलं की मी पुन्हा कामाला लागायचे.

भट्टीवरून आमचं वाजलं ते दारावरून.

"एवढं मोठं? ही आत शिरेल."

"अगं, कशाला शिरेल?"

"मशीनमध्ये कशाला शिरली होती?"

मी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यात रुंद, बुटक्या कमानीच्या आकाराचं भोक कापलं. पिझ्झा चपटा असतो, त्याला उंची कशाला हवी? मग भिंगरीला उभं करून तो पुठ्ठा डोक्यावरून घालून पाहिला. सरळ, आडवा, तिरका. कसाही धरला तरी तो कानांच्या वरच अडकला. ती खिदळत होती. डोकं गेलं की मागून अख्खं मूल जातं, आणि डोकं अडलं की मूल बाहेर राहतं, हा माझा हिशेब.

"एवढ्याशा फटीतून धूर कसा ओढला जाणार?" नवरा म्हणाला.

"डोळे चोळत खाऊ पिझ्झा."

शेवटी दार माझ्या पुठ्ठ्याच्या मापाचं झालं.

घुमट बांधायची रीत अशी. आधी परसातल्या बुटक्या ओट्यावर ओल्या वाळूचा भरीव ढीग रचायचा, पालथ्या कढईसारखा. तो थापून घट्ट करायचा. वर ओले कागद चिकटवायचे आणि त्यावर विटांची वेटोळी चढवत न्यायची. मसाला वाळला की दारातून हात घालून सगळी वाळू उपसायची. वाळू जाते, पोकळी राहते. ढीग थापायला भिंगरी होती. दोन्ही तळव्यांनी, जीभ बाहेर काढून, थप थप. तिच्या चिमुकल्या हातांचे ठसे मोडायला नको म्हणून नवऱ्याने कागद अगदी अलगद लावले. विटा वाकड्या बसल्या, सांधे कुठे बोटभर तर कुठे नखभर झाले, पण माथ्यावरची शेवटची वीट ठोकून बसवली तेव्हा त्याने आनंदाने मला मिठीच मारली. माझा ड्रेस मसाल्याने भरला.

वाळू उपसायला तो गुडघ्यांवर बसला. दार एवढं बुटकं की हात आत घातला तर डोळ्यांना काहीच दिसायचं नाही. तो चाचपडत मुठीमुठीने वाळू काढत होता आणि मी घमेली भरत होते. बरीच निघाली. मग त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि तिथेच थांबला.

"संपली," तो म्हणाला.

"एवढ्यात?"

"मागे पोकळ आहे."

आम्ही ढीग भरीव रचला होता. मी स्वतः फावड्याने ठोकला होता. त्याने हात आतल्या आत हळूहळू फिरवला.

"वाळू बसली असेल. ओली होती ना, वाळताना बसते." मग जरा वेळाने, "पण कडा गुळगुळीत आहेत. थापल्यासारख्या."

"केवढी पोकळी आहे?"

हात आतच ठेवून त्याने वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, भिंगरीकडे. ती पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"एवढी," तो म्हणाला. मग हात काढून नळाखाली बराच वेळ धूत राहिला.

नवी भट्टी एकदम पेटवायची नसते, घुमट तडकतो. रोज थोडी काटकी जाळायची आणि ओल सुकवत न्यायची. धूर दारातूनच भसाभसा यायचा. विझून गार झाली की भिंगरी दाराशी पालथी पडून आत "कूऽ" म्हणायची, आणि घुमट "कूऽ" म्हणायचा. घुमटात आवाज घुमतो, त्यात नवल काही नाही. मी खिडकीतून बघायचे आणि मला बरंच वाटायचं, आवाज येतोय म्हणजे पोरगी जागेवर आहे.

एक दिवस मी कपडे वाळत घालत होते. भिंगरी दाराशी पडली होती, हनुवटी हातांवर ठेवून. भट्टीतून "कूऽ" आलं. मग भिंगरीने "कूऽ" केलं.

मी हातातली चादर तारेवर तशीच टाकली.

"आत कोण आहे गं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. आणि मला समजावल्यासारखं पुढे म्हणाली, "अजून नाही."

त्या रात्री मी नवऱ्याला भट्टी पाडून टाक म्हटलं. तो म्हणाला, एक पिझ्झा तरी होऊ दे. साधी गोष्ट होती, मीही हो म्हटलं.

पिझ्झासाठी शनिवारची दुपार ठरली. भट्टी दोन दिवस गार होती. नवरा पुढच्या खोलीत फोनवर बोलत होता. मी स्वयंपाकघरात ओट्यावर पीठ मळत होते आणि भिंगरी माझ्या मागेच, टेबलाखाली, चित्र काढत होती. खडूची खरखर ऐकू येत होती. ती थांबली तशी मी मागे न बघताच "कूऽ" केलं.

उत्तर परसातून आलं.

टेबलाखाली नुसते खडू होते. परसाचं दार आतून लावलेलं होतं. वरची कडी, जिथे तिचा हात पोचत नाही.

मी पिठाच्या हातांनी कडी काढली. परसात कुणी नव्हतं. मी पुन्हा "कूऽ" केलं.

भट्टीतून, बारीक, "कूऽ."

मोबाइलचा उजेड दारातून आत टाकला. आधी पिवळा फ्रॉक दिसला. मग गुडघे. मग चेहरा, काजळीने माखलेला. ती मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्यामागे तिची सावली.

"बाहेर ये, बाळा."

"येत नाही, आई. डोकं अडतं."

तिने मान हलवली. सावलीने हलवली नाही.

मी ओरडले. नवरा धावत आला, वाकून बघितलं, आणि मोठा हातोडा घेऊन आला. "डोक्यावर हात धर, बेटा!" तो माथ्याच्या बाजूला ठोकू लागला. वाकडे सांधे पटापट सुटले. अर्धा घुमट आत बसला. राखेचा आणि चुन्याचा लोट उठला. त्याने त्या धुरळ्यात दोन्ही हात घातले आणि हाताला जी लागली ती ओढून काढली.

एक ओरखडा नव्हता तिच्या अंगावर.

ढिगारा आम्ही लगेच उपसला. एकेक वीट मी स्वतः उलटून पाहिली. खाली राख होती आणि भट्टीचा तळ. बाकी काही नाही.

"पोरगी एकदम शहाणी झाली हो," पुढच्या आठवड्यात ताई म्हणाल्या. "तासभर झाला, सोफ्यावरून हलली नाही. काय जादू केलीस?"

खरंच होतं. ती ताटातलं सगळं खाते. कशावर चढत नाही. मी "कूऽ" केलं की समोर येऊन उभी राहते आणि विचारते, "काय झालं, आई?" आंघोळीनंतर बादलीच्या तळाशी रोज थोडीशी करडी राख बसते.

कपाटामागे तो पुठ्ठा सापडला. मी तिला हाक मारली. ती आली आणि न सांगता हात खाली सोडून सरळ उभी राहिली. मी पुठ्ठा डोक्यावर धरला.

तो कानांवरून सरळ गळ्यापर्यंत उतरला.

"पुठ्ठा दमट होऊन सैल पडला असेल," नवरा म्हणाला. तो हल्ली तिच्या पाठीमागून जात नाही, वळसा घालून जातो.

पहिल्या भट्टीची वाळू परसाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. एका दुपारी तिथे तारेवरचे वाळलेले कपडे काढताना, सवयीने, माझ्या तोंडून "कूऽ" गेलं. ती घरात सोफ्यावर बसलेली मला खिडकीतून दिसत होती. तोंड मिटलेलं.

ताडपत्रीखालून उत्तर आलं.

मी दोन्ही हातांनी वाळू उकरली, पार जमिनीपर्यंत. काही नव्हतं. जिथून आत जाता येत होतं ते आम्हीच हातोड्याने फोडलं होतं. एवढं मला कळलं, आणि मी विटा मागवल्या.

या खेपेला एकटीने बांधलं. तीच वाळू, तशीच थापलेली. नवरा ऑफिसातून उशिरा येतो आणि परसाकडे बघत नाही. ती मात्र स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बघत असते. घुमट काल वाळला. सकाळी वाळू उपसायची, असं ठरवून मी काल संध्याकाळी दाराशी गुडघे टेकले आणि हळूच "कूऽ" केलं. भरीव वाळूच्या मागून लगेच उत्तर आलं. "आलेच हं," मी म्हटलं.

या वेळी दार माझ्या स्वतःच्या खांद्यांच्या मापाचं ठेवलं होतं. तिला येता आलं नाही तर मला जाता यावं.

आज उजाडताच घमेलं घेऊन गेले. भट्टीच्या दारात विटा रचलेल्या होत्या. दोन्ही बाजूंनी, खालून, वरून. सांधे एकसारखे. मसाला अजून ओला होता आणि त्यावर बोटांचे बारके ठसे. मध्ये एक बुटकी कमान तेवढी मोकळी सोडली होती.

मी आत जाऊन पुठ्ठा आणला आणि लावून पाहिला.

मापात केसाचाही फरक नव्हता.