घरात जे कोणी असतील

तो मोठा दिवा बंद करा. कोपऱ्यातला राहू दे, नाहीतर तनया घाबरेल आणि तिच्या आईची बोलणी मला खावी लागतील. हं. आता ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो मुलगा साउथहॅम्प्टनला आमच्याच घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. त्या रात्री त्याला आणायला गाडी घेऊन मीच गेलो होतो.

कुशल पाटोळे त्याचं नाव. जालन्याकडच्या खेड्यातला, कोवळा पोरगा, मिशनरी म्हणून इथे आलेला. हसू नकोस, प्रणव. एके काळी इथले पाद्री आपल्याकडे यायचे. त्यांच्यापैकीच कुणीतरी कुशलच्या पणजोबांना बाप्तिस्मा दिला. आता इथली चर्चं ओस पडली, म्हणून तिकडच्या मंडळींनी आपला मुलगा इकडे धाडला. मोठ्या हौसेने आला आणि महिन्याभरात पार हिरमुसला. रविवारी उपासनेला दहा-बारा म्हातारी माणसं, त्यांचंही निम्मं लक्ष नंतरच्या चहाबिस्किटांकडे. हा दारोदार हिंडायचा, तर लोक अर्धं दार उघडून "नॉट टुडे, लव्ह" म्हणायचे आणि लावून घ्यायचे. एका बाईंनी तर येशू कोण होता हे त्यालाच समजावून सांगितलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन तो आमच्या सुमनला म्हणायचा, "काकू, इथे कुणालाच माझी गरज नाही हो."

गरज असलेलं एक माणूस मात्र त्याला सापडलं. डोरीन पीअर्स. ऐंशी ओलांडलेली विधवा, पाय गेलेले. तिचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणून ठेवला होता आणि वरचा मजला नवरा गेल्यापासून बंद. सकाळ-संध्याकाळ एक केअरर येऊन तिचं खाणंपिणं करून जायची. कुशल दर गुरुवारी जायचा. पेपर वाचून दाखवायचा, बागेतल्या पक्ष्यांना दाणे टाकायचा. तिला हळूहळू त्याचा लळा लागला. तिची एकच धास्ती होती. नवीन वर्षात तिला केअर होममध्ये हलवायचं चाललं होतं. "मला इथेच जाऊ दे," ती म्हणायची. "माझ्या खुर्चीत. शांतपणे. आयुष्यभर शांतता मिळाली नाही, आत्ता कुठे मिळतेय." यावर कुशल म्हणाला होता, "मी आहे ना. तुमच्या शांततेला कुणी धक्का लावणार नाही." वय असतं तसं बोलायचं.

तर तो नाताळच्या आधीचा गुरुवार. एकवीस डिसेंबर, साल दोन हजार तेवीस. सुमनने करंज्या केल्या होत्या. नाताळच्या फराळात काय काय असतं ते कुशलने तिला सांगितलं आणि हिने दिवाळीचंच सामान पुन्हा काढलं. करंज्यांचा डबा घेऊन तो चारच्या बसने निघाला. पोचेपर्यंत काळोख. इथला डिसेंबर तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारचा चहा प्यावा आणि बाहेर बघावं तर रात्र.

डोरीनने अर्धी करंजी खाल्ली, अर्धी बशीत ठेवली आणि मग आपणहून म्हणाली, "नाताळ आहे, तर आज करून टाक तुझी ती प्रार्थना." इतके आठवडे तिने कधी करू दिली नव्हती. कुशलला आनंद झाला. कोट बाहेर पॅसेजमध्ये टांगून आला, तिच्या डाव्या हाताशी स्टूल ओढलं, तिचा हात हातात घेतला.

आता कुशलच्या गावाकडची पद्धत सांगतो. पाळक, म्हणजे तिथले पाद्री, घरी आले की प्रार्थनेआधी आतल्या घराला हाक देतात. घरात जे कोणी असतील त्यांनी यावं. मग चुलीपाशी असलेली सून पदराला हात पुसत येते, पोरं येतात, गोठ्यातला गडीही दाराशी येऊन उभा राहतो. सगळे गोल बसून हात धरतात. डोळे मिटायचे. एकाची प्रार्थना झाली की तो शेजारच्याचा हात दाबतो, म्हणजे आता तुझी पाळी. साखळी प्रार्थना म्हणतात तिला. शेवटचं आमेन होईपर्यंत हात सोडायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. पोरांच्या हे अगदी अंगवळणी पडलेलं असतं.

कुशलच्याही पडलेलं होतं. त्याने मान वळवली आणि दाराकडे तोंड करून, मोठ्याने, इंग्रजीत हाक दिली, "घरात जे कोणी असतील, त्यांनी प्रार्थनेला यावं. सगळ्यांना बोलावणं आहे."

डोरीनचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय केलंस, लव्ह?"

"काय झालं?"

"तू त्याला बोलावलंस."

"कुणाला?"

"लेनला." तिचा आवाज खाली गेला. "माझ्या नवऱ्याला. तो वर आहे. गेल्यापासून वरच आहे. जिवंत होता तेव्हाही तसाच. धुसफुसत वर बसून राहायचा. मी हाक मारली की खाली यायचा, आणि आला की त्याचा हात चालायचा. मी हाक मारली नाही, तर नाही यायचा. म्हणून तो गेल्यापासून मी या घरात कधी हाक मारली नाही."

कुशलला वाटलं, म्हातारपणी माणसाला असे भास होतात. तिच्या हातावर थोपटत तो म्हणाला, "वर कुणी नाही, डोरीन."

तेव्हा वर काहीतरी गुणगुणलं.

जिन्याच्या कडेने रुळावरून सरकणारी विजेची खुर्ची असते ना, म्हाताऱ्यांच्या घरात? तिचा आवाज. लेनसाठी बसवली होती. कुशलने आजवर ती हललेली पाहिली नव्हती.

"तिची वायर मी काढून टाकलीय," डोरीन पुटपुटली. "त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीच."

खुर्ची खाली येत होती. तुम्ही त्या बघितल्या आहेत. फार हळू येतात त्या. माणूस दोनदा वर जाऊन येईल, तरी तिचं चाललेलंच असतं. कुशलला उठून दार लावायचं होतं. उठवेना. फोन बाहेर कोटात. डोरीनला उचलून पळावं, तर तिच्या पायांत बळ नाही आणि बाहेर जायची वाट त्याच जिन्यासमोरून.

गुणगुण थांबली.

कोणी उतरल्याचा आवाज नाही. पाऊल नाही. काहीच नाही...

कुशलला एकच गोष्ट येत होती, ती त्याने केली. डोळे गच्च मिटले आणि प्रार्थना सुरू केली. इंग्रजी आठवेना, मग मराठीत. उजव्या हातात डोरीनचा हात. डावा, सवयीप्रमाणे, गुडघ्यावर उताणा.

खोलीतली हवा जड झाली. कोणीतरी आत आलं की होते तशी.

आणि त्या उताण्या हातात एक हात आला.

मोठा. खरखरीत. गार.

कुशलचे शब्द तुटले. प्रार्थना तुटली. डोरीन श्वास घेत होती, ते ऐकू येत होतं. दुसऱ्या बाजूने श्वासाचा आवाज नव्हता.

मग त्या हाताने त्याचा हात दाबला. एकदाच. पद्धतीप्रमाणे. म्हणजे आता...

काय, प्रणव? डोळे का नाही उघडले? उबदार खोलीत सोफ्यावर बसून विचारायला काय जातं? नाही उघडले. त्याची छाती झाली नाही. मला म्हणाला, "काका, दिसलं असतं, तर मी हात सोडून पळालो असतो. आणि हात सोडायचा नव्हता."

कारण तेवढ्यात त्याला एक सुचलं होतं. एका हाताला ती, एका हाताला तो. मधे आपण. आपण धरून ठेवलं, तर हा तिच्यापर्यंत जाणार नाही. आपण बोलावलं, आता आपणच अडवायचं. केअरर साताला येईल. तोवर धरायचं.

म्हणून तो बसून राहिला.

एकदा डोरीन बोलली. अगदी बारीक आवाजात, नव्या नवरीने बोलावं तसं. "आले, लेन. रागावू नकोस. आले."

"जाऊ नका," कुशल म्हणाला. मराठीत म्हणाला. तिला कसं कळणार ते? "नका जाऊ. मी आहे ना."

ती पुन्हा बोलली नाही.

डाव्या खांद्यापर्यंत गारठा चढला. बोटं बधिर झाली. तो रडत होता. मोठ्याने. देवाला विनवत होता, लेनला विनवत होता. माझी चूक झाली, मला ने, तिला सोड. कुणी उत्तर दिलं नाही. देवानेसुद्धा... हे त्याने मला कुजबुजत सांगितलं.

मग दारात किल्ली फिरली.

अक्षरा नावाची नागपूरची मुलगी केअरर होती. आत येता येता म्हणाली, "अरे, तू अजून इथेच? आणि असा काय बसलायस?" मराठी कानावर पडलं तेव्हा कुशलने डोळे उघडले. डावा हात रिकामा होता. दार जसं होतं तसंच अर्धवट उघडं. उजव्या हातात डोरीनचा हात.

"हळू बोल," तो म्हणाला. "तिला झोप लागलीय."

अक्षराने तिच्या मानेला बोटं लावली. मग कुशलकडे बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाली, "कुशल, सोड तिचा हात. त्या गेल्या आहेत. बराच वेळ झाला असेल."

त्याला कळलंच नव्हतं. दोन्ही हात सारखेच गार होते. तो जिला राखत बसला होता, ती कधी गेली ते त्याला कळलं नाही. तिथल्या तिथे तो जमिनीवर बसला.

मी पोचलो तेव्हाही तो तसाच बसलेला. मी डॉक्टर, म्हणून अक्षराने मला एकदा बघायला सांगितलं. मी बघितलं. म्हातारं हृदय थांबलं होतं, त्यात वावगं काही नव्हतं. चेहराही शांत होता, म्हणजे मी कुशलला तसं सांगितलं. मग मी तिच्या उजव्या हाताची बाही जरा वर केली.

इतका वेळ कुशल स्वतःला मधे समजत होता. पण तिघांनी गोल बसून हात धरले, की मधे कोणी राहतं का रे?

मनगटावर बोटांचे वळ होते. चार इकडून, अंगठ्याचा तिकडून. लालभडक, नुकतेच उठल्यासारखे. मोठ्या पंजाचे.

कुशल त्या बाजूला बसलाच नव्हता.